शांती आणि समेट

‘शांती’ ह्या शब्दाइतका अतिपरिचयाने गुळगुळीत झालेला शब्द आपल्या भाषेत क्वचितच दुसरा सापडेल. मंत्राच्या शेवटी आपण तो त्रिवार उच्चारतो. मूल वाईट नक्षत्रावर जन्मले तर नक्षत्राची शांत करतो. नव्या घरात बिऱ्हाड नेण्यापूर्वी वास्तूची शांत करतो. यजमानांस साठ वर्षे पुरी झाली म्हणजे साठीशांत होते. आणि मनुष्य शेवटी निघून गेला म्हणजे वृत्तपत्रातून त्याच्या आत्म्यास शांती चिंतितो. ह्या सर्व शांतींस भटजी लागतो, तांदूळ-सुपाऱ्या लागतात, आप्तेष्टांची पंगत लागते. एक मनुष्य मात्र कधीच लागत नाही, आणि तो म्हणजे ज्याच्याशी आपले वैर आहे तो. तो पंगतीस आला नाही तरी शांत यथासांग पार पडते; किंबहुना तो न आल्यास अधिक सुरळीत पार पडते.

हे मी कोणास हिणवण्याकरिता लिहीत नाही. गेल्या आठ वर्षांत माझ्याच घरी अशा दोन शांती झाल्या, आणि दोन्ही वेळा तो मनुष्य, म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, भिंतीपलीकडे बसून होता.

आम्ही पनवेलचे. गावातले जुने घर आणि गावाबाहेर थोडी भातजमीन, एवढीच आमची वडिलार्जित मिळकत. त्या जमिनीतून जोपर्यंत वर्षाचे तांदूळ आणि गुरांपुरता पेंढा एवढेच येत होते, तोपर्यंत ती कोणाची हा प्रश्न कोणाच्या मनासही शिवला नाही. पुढे नवी मुंबईचा विमानतळ आमच्या तालुक्यात यावयाचे ठरले, भाव चढले, आणि जी जमीन वडील गुंठ्यांनी मोजीत ती आम्ही दोघे भाऊ चौरस फुटांनी मोजू लागलो. वडिलांच्या पश्चात वाटणीचा दावा उभा राहिला. दोष कोणाचा ह्याची चर्चा येथे करीत नाही. माझ्या मते तो माझा नव्हता आणि दादाच्या मते तो त्याचा नव्हता, एवढे सांगितले म्हणजे पुरे. घराच्या मधोमध भिंत आली. ज्या घरात एक गणपती बसत असे, तेथे दोन बसू लागले. भिंत पातळ असल्यामुळे एकीकडची आरती दुसरीकडे ऐकू जाते. आणि दोन्हीकडे आरतीचा आवाज दरवर्षी थोडथोडा चढत गेला आहे, हेही कबूल केले पाहिजे.

मी महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवतो. इंग्रजी वाङ्मय शिकवणाऱ्यास बायबल टाळता येत नाही. मिल्टन शिकवावयाचा तर उत्पत्तीचे पुस्तक वाचलेच पाहिजे, आणि टॉल्स्टॉयची उत्तरवयातील मते समजून घ्यावयाची तर डोंगरावरचे प्रवचन. म्हणजे शुभवर्तमाने मी वाचली ती भक्तीने नव्हे, पोटासाठी. मी ख्रिस्ती नाही, आणि ह्या वयात होईन असेही वाटत नाही. परंतु पोटासाठी वाचलेला ग्रंथही कधीकधी अनपेक्षितपणे अंगावर येतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात, म्हणजे त्या प्रवचनातच, येशूने एक प्रसंग कल्पिला आहे. मनुष्य आपले दान घेऊन वेदीपाशी आला आहे. तेथे त्यास आठवते की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे. अशा वेळी त्याने दान तेथेच वेदीपुढे ठेवावे, आधी जाऊन भावाशी समेट करावा, आणि मग परत येऊन दान अर्पण करावे, असे येशूचे सांगणे आहे. वरवर पाहता हा उपदेश अगदी बाळबोध वाटतो. परंतु हे ऐकणारे लोक गालीलातले होते, आणि यज्ञबलीची वेदी काय ती एकच, यरुशलेमच्या मंदिरातली. गालीलापासून तीन-चार दिवसांच्या पायी वाटेवरची. आषाढीस पंढरपुरी पोचलेल्या कोकणातल्या वारकऱ्यास नामदेवाच्या पायरीवरून माघारी धाडावे, ‘आधी घरी जाऊन भावाशी बोल, मग ये,’ असे सांगावे, त्यातलाच हा प्रकार. देव थांबेल, भाऊ थांबणार नाही.

दुसरी गोष्ट ह्याहून अधिक बोचणारी आहे. आपल्या मनात भावाविषयी काही आहे काय, असे येथे विचारलेले नाही. भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे काय, हा प्रश्न आहे. त्याची तक्रार खरी की खोटी ह्याचीही चौकशी नाही. आठ वर्षे मी स्वतःचे मन तपासून पाहत होतो आणि ते बऱ्यापैकी स्वच्छ आहे असा दाखला स्वतःसच देत होतो. त्या दाखल्याची ह्या वाक्यात काही किंमतच उरत नाही. त्याला लागूनच पुढे कोर्टाची गोष्ट येते: वादी तुझ्याबरोबर वाटेत आहे तोवरच त्याच्याशी मिटवून घे, नाहीतर प्रकरण न्यायाधीशाकडे जाईल, तेथून शिपायाकडे, आणि तेथून तुरुंगाकडे. हे वाक्य माझ्या वकीलसाहेबांस वाचून दाखवण्याचे धैर्य मला अद्याप झालेले नाही.

येशूच्या मनातली शांती ही आपल्या नेहमीच्या कल्पनेहून निराळी वस्तू असावी, असे येथे वाटू लागते. आणि शब्दाचे मूळ पाहिले तर ते तसेच आहे. त्याच्या लोकांचा शब्द ‘शालोम’. आम्हा पनवेलकरांस हा शब्द शिकावयास पुस्तक उघडावे लागत नाही. कोकणपट्टीत शतकानुशतके राहिलेले बेने इस्राएल शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. पनवेलीत त्यांचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर आहे. १९४८ मध्ये इस्राएलचे राष्ट्र स्थापन झाल्यावर त्यांतली पुष्कळ कुटुंबे तिकडे निघून गेली. माझ्या लहानपणी आमच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ मात्र मागे राहिले होते, आणि ते वाटेत भेटले म्हणजे हात किंचित वर करून ‘शालोम’ म्हणत. मला वाटे, म्हातारबुवा ‘सलाम’ चुकीचा म्हणतात. वस्तुतः ते दोन्ही शब्द सख्खे भाऊच; मूळ धातू एकच. त्या धातूचा अर्थ पुरे असणे, अभंग असणे. आणि त्यावरूनच कर्ज फेडणे ह्या अर्थाचे क्रियापदही निघाले आहे. म्हणजे त्या भाषेत शांती ही मनाची अवस्था होण्यापूर्वी व्यवहाराची अवस्था आहे. कोणाचे काही देणे राहिले नाही, फुटलेले सांधले गेले, ती शांती. मग ती एकट्याने डोळे मिटून कशी साधावी? फेडावयाचे तर सावकाराच्या दारी जाणे आलेच.

ह्या प्रवचनाने महाराष्ट्रातल्या एका घराची काय दशा केली, ती हकिकत मराठी वाचकांस अपरिचित नाही. तरी ह्या एका प्रश्नाच्या दृष्टीने ती पुन्हा पाहण्यासारखी आहे.

नारायण वामन टिळक हे रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे, जन्म १८६१. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांस नवा करार दिला. टिळक वाचू लागले, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी येताच त्यांना तो ग्रंथ खाली ठेववेना. धर्माचा शोध त्यांनी त्याआधीही पुष्कळ केला होता. तो येथे संपला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांस शांती मिळाली, असे त्यांचे चरित्रकार म्हणतात. मिळाली असेल. परंतु त्याच दिवशी लक्ष्मीबाईंची शांती गेली. वय सव्वीस, पदरी लहान मुलगा, माहेर-सासरची माणसे कर्मठ. कपाळी कुंकू आहे, नवरा हयात आहे, आणि तरी त्याच्या हातचे पाणी चालत नाही. जवळजवळ पाच वर्षे त्या नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. त्या दिवसांतला आकांत त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त लिहिला आहे, १९३४ पासून १९३६ पर्यंत हे पुस्तक चार भागांत निघाले, आणि मराठी घरांतून ते आजही वाचले जाते.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. एकाची शांती दुसऱ्याच्या शांतीचा बळी देऊन मिळाली असेल, तर तीस शांती म्हणावे काय? ख्रिस्ती उपदेशक वादळात नावेत निजलेल्या येशूची कथा मोठ्या प्रेमाने सांगतात. लाटा नावेत येत आहेत आणि हा उशीवर डोके ठेवून स्वस्थ झोपला आहे. विश्वास असावा तर असा! मला ही कथा ह्या रीतीने सांगितलेली कधी पटली नाही. नावेत इतर माणसेही होती. ती घाबरली होती, आणि त्यांनी त्यास हलवून जागे केले ते रागानेच: आम्ही बुडत आहोत, तुम्हांस त्याचे काहीच नाही काय? ह्या प्रश्नावर येशू पुन्हा कूस बदलून झोपला नाही. तो उठला. मला त्या कथेचे मर्म झोपेत नव्हे, उठण्यात दिसते. आणि ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला वारंवार असे वाटले की त्या नावेतल्या माणसांचा प्रश्न लक्ष्मीबाई अखंड पाच वर्षे टिळकांस विचारीत होत्या.

त्यांची पुन्हा गाठ पडली ती कशी, हे पाहण्यासारखे आहे. लक्ष्मीबाई नवऱ्याकडे आल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. त्या आल्या आपले सोवळे घेऊन. अहमदनगरास त्यांचे पाणी निराळे, चूल निराळी. धर्मांतर केलेल्या नवऱ्याच्या आणि न केलेल्या बायकोच्या मध्ये आमच्या घरासारखी विटांची भिंत नव्हती, परंतु घागरींची होती. आणि ती भिंत टिळकांनी मोडली नाही. टिळक काही शांत स्वभावाचे गृहस्थ नव्हते. तापट, लहरी, घरात आलेला पैसा दुसऱ्या दिवशी कोणास देऊन टाकतील ह्याचा नेम नाही, आणि संतापाच्या भरात घराबाहेर चालते होणारे. लक्ष्मीबाईंनी त्यांचे हे सारे विक्षेप हसत हसत लिहिले आहेत. संतचरित्रकारास ते पेलले नसते. परंतु अशा ह्या मनुष्याने ह्या एका बाबतीत धीर धरला. आपणास जे सत्य वाटले ते बायकोवर लादले नाही. माझ्या समजुतीने टिळकांची शांती बाप्तिस्म्याच्या दिवशी नव्हे, तर ह्या घागरींशेजारी राहू लागल्यावर पक्की होऊ लागली.

आणि भिंत शेवटी मोडली ती पलीकडून. लक्ष्मीबाई स्वतःशीच विचार करू लागल्या: जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर माणसा-माणसांच्या शरीरात, जन्मात, मरणात काही भेद दिसता. तो दिसत नाही; तेव्हा ही माणसाचीच करणी. एवढे ठरताच त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. त्यांना कोणी वादात जिंकले नव्हते. शाळेचे शिक्षणही त्यांस नव्हते. त्यांनी आपल्या पायातला काटा आपणच काढला. ख्रिस्तावरील श्रद्धा त्यानंतर आली; १९०० मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला. हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. आधी माणसांशी समेट, मग वेदीवर दान. मत्तयातले ते वाक्य त्या वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे होते की नाही कोण जाणे. त्यांनी ते अंमलात आणले, एवढे खरे. टिळक १९१९ मध्ये निवर्तले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले: टिळकांचे अध्याय दहा-अकरा, बाईंचे साठाहून अधिक. ज्या ख्रिस्ताने नवरा नेला म्हणून एके काळी रडल्या, त्याच्याच चरित्राच्या ओव्या त्या म्हातारपणी रचीत बसल्या.

येथवर वाचून एखादा चाणाक्ष वाचक म्हणेल, की हे सारे ठीक आहे. परंतु समेटाचा उपदेश नेहमी दुबळ्याच्याच वाट्यास येतो. सुनेने सासूशी समेट करावा, कुळाने खोताशी करावा, धाकट्याने थोरल्याशी करावा! आक्षेप खोटा नाही. दुबळ्यास शांतीचा उपदेश करणे ही सबळाची फार जुनी खोड आहे, आणि ख्रिस्ती राष्ट्रांनी ती जगभर मिरवली आहे. म्हणूनच ते वाक्य पुन्हा नीट वाचले पाहिजे. ज्याचे नुकसान झाले त्यास ‘जा, विसरून जा’ असे ते सांगत नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यास ते उठावयास सांगते. चालावयाचे आहे ते दान देण्याची ऐपत असलेल्याने.

शिवाय समेट म्हणजे माघार नव्हे. पंडिता रमाबाईंचे उदाहरण ह्या बाबतीत मला महत्त्वाचे वाटते. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. परंतु आपणास तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त नव्हे, आणि मनाची तळमळ पुढे सुमारे आठ वर्षे शमली नाही, असे त्यांनी स्वतःच्या हकिकतीत लिहून ठेवले आहे. तळमळ शमली तो काळ कोणता? ज्यानंतर दोनच वर्षांनी, १८९३ मध्ये, पुण्यात त्यांच्यावर वादळ कोसळले तो. शारदासदनातल्या मुली त्यांच्या प्रार्थनेस जाऊन बसतात असा बोभाटा झाला, रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागारपद सोडले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. माझ्या मते त्या वादात रानडे-भांडारकरांचीही बाजू होती. विश्वासाने सोपवलेल्या मुलींचा प्रश्न होता. परंतु रमाबाईंनी सदन मिटले नाही, तसे पुण्यास शिव्याशाप देत बसण्यातही आयुष्य घालवले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात जाऊन निराश्रित मुली गोळा करू लागल्या, आणि केडगावास मुक्तिसदन उभे राहिले. स्वतः त्यांचे आईबाप व बहीण एका दुष्काळातच गेली होती. शांत झालेला मनुष्य भांडणाबाहेर पडतोच असे नाही. पण भांडण हे त्याचे घर राहत नाही. त्याचे घर अन्यत्र असते आणि तेथे कामे पडलेली असतात.

हक्क आणि वैर ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे मला ह्या बाईंमुळे कळले. दावा चालवता येतो आणि तरी भावाच्या घरचे चहापाणी घेता येते; निदान घेता यावे. आमच्या कोकणात वर्षानुवर्षे चाललेले दावे आणि एकाच गाडीने कोर्टात जाणारे वादी-प्रतिवादी आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेले आहेत. ती रीत हास्यास्पद म्हणून आपण मोडीत काढली. मला आता ती तितकी हास्यास्पद वाटत नाही.

राहिला माझ्या अडचणीचा प्रश्न. श्रद्धा नसताना श्रद्धेचे फळ मागण्याचा मला अधिकार काय? ख्रिस्ती मनुष्य समेटास निघतो तेव्हा देवाने आपल्याशी आधीच समेट केला आहे, ह्या विश्वासावर निघतो; त्याच्या खिशात शिदोरी असते. मी कशाच्या बळावर निघावे? उसन्या शिदोरीवर वाटचाल करणे ही एक प्रकारची उचलेगिरीच नव्हे काय? ह्याचे पुरते समाधान होईल असे उत्तर मला सापडलेले नाही. एवढे मात्र आहे, की खुद्द टिळकांनी हे दार लोटलेले नव्हते. १९१७ मध्ये ते मिशनच्या चाकरीतून मुक्त झाले, संन्यास घेतला, आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. त्या दरबारात बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस बसावयास जागा होती. भक्त हा शब्द मला लागू होत नाही. पण उंबऱ्यापर्यंत यावयास हरकत नसावी. आमच्या शेजारच्याच पेण तालुक्यातील गागोद्यास जन्मलेल्या विनोबांनीही ‘ख्रिस्तधर्म-सार’ संकलित केले ते हिंदू राहूनच, आणि भावाभावांच्या जमिनीविषयी त्यांच्याइतके चालत जाऊन बोललेला दुसरा मनुष्य ह्या देशात झाला नाही.

गेल्या भाद्रपदात चतुर्थीस मी पूजा केली. पत्नीने मोदकांचे ताट आणून ठेवले. नैवेद्यास पाणी फिरवावयाचे तेवढ्यात भिंतीपलीकडे दादाची आरती सुरू झाली. त्याचा आवाज पूर्वीइतका चढा नव्हता. त्या वर्षी तो बराच आजारी होता, हे मला गावातून कळले होते, घरातून नव्हे. मी ताट झाकावयास सांगितले आणि उठलो. पत्नीने विचारले, ‘कोठे निघालात?’ मी उत्तर दिले नाही. भिंत झाल्यापासून त्याच्या दारी जावयाचे म्हणजे रस्त्यावर उतरून वळसा घालावा लागतो. वीस-पंचवीस पावलांची वाट. दार वहिनींनी उघडले. त्या क्षणभर पाहत राहिल्या, मग बाजूस होऊन म्हणाल्या, ‘भाऊजी, आत या. ह्यांची आरती चालली आहे.’

मी आत जाऊन भिंतीशी उभा राहिलो. दादाने मान वळवून पाहिले. आरती थांबली नाही. वडिलांचे टाळ वाटणीत तिकडे गेले होते. पुतण्याने ते माझ्या हातात दिले. प्रसाद घेताना आम्ही त्याच्या औषधांविषयी दोन-चार शब्द बोललो, जमिनीविषयी बोललो नाही. घरी परत आलो तेव्हा मोदक निवले होते. दावा अद्याप चालू आहे.